सब्जा : बी ओळखीचे, पान अनोळखी

मे महिन्यात यवतमाळ जिल्ह्यात पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो. अशा दिवसांत दारव्हा तालुक्यातल्या बोरी अरबसारख्या गावात काय किंवा मुंबईत काय, सरबतात सब्जा पडतोच. चिमूटभर काळे बी पाण्यात टाकले की काही मिनिटांत प्रत्येक दाण्याभोवती पांढुरके, बुळबुळीत वलय तयार होते. फालुद्यातला सब्जा तर मुलांच्या खास आवडीचा.

आता वर्गात एक प्रश्न विचारून पाहा : सब्जा हे कोणत्या झाडाचे बी? उत्तरे नाना प्रकारची येतील. बी आपल्या चांगल्या ओळखीचे आहे, पण त्याचे झाड आणि पान बहुतेकांना माहीत नसते. गंमत अशी की, हेच पान शहरातल्या मोठ्या दुकानांत 'बेसिल' या नावाने, परदेशी भाजी म्हणून विकले जाते. बेसिल म्हणजे सब्ज्याचेच पान. दारातले झाड आपल्याला परके कसे झाले, हे समजून घ्यायचे तर थोडा इतिहास पाहावा लागेल.

तुळशीची बहीण

सब्ज्याचे रोप पाहिले की तुळशीची आठवण होते. खोड चौकोनी, पाने समोरासमोर, पानांची प्रत्येक जोडी खालच्या जोडीशी काटकोनात, आणि शेंड्यावर मंजिऱ्या. पुदिना, मरवा आणि पानओवा हीसुद्धा याच कुळातली. कार्ल लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५३ साली सब्ज्याला ऑसिमम बॅसिलिकम हे नाव दिले. त्याच ग्रंथात त्याने तुळशीला ऑसिमम टेन्युइफ्लोरम म्हटले होते. पुढे १७६७ साली त्याने तुळशीलाच ऑसिमम सँक्टम असे दुसरे नाव दिले. 'सँक्टम' म्हणजे पवित्र. वनस्पतिशास्त्रात आधीचे नाव ग्राह्य धरतात. म्हणून आज पहिले नाव प्रमाण मानले जाते, पण जुन्या पाठ्यपुस्तकांत दुसरे नाव आढळते. दोन्ही नावे एकाच तुळशीची आहेत, हे विद्यार्थ्यांना सांगायला हवे.

नावांत दडलेला इतिहास

पूर्वी लोकांनी काय लावले आणि काय खाल्ले, याची लेखी नोंद अनेकदा मिळत नाही. अशा वेळी शब्द साक्षीला येतात. फारसीत 'सब्ज' म्हणजे हिरवा. 'सब्जी' आणि 'सब्जा' दोन्ही त्याच शब्दातून आले. या बियांना आपल्याकडे 'तुकमराई' असेही म्हणतात. हे 'तुख्म-ए-रैहान'चे बोलीतले रूप आहे. तुख्म म्हणजे बी, आणि रैहान हा सुगंधी वनस्पतीसाठीचा अरबी शब्द. कुराणातही तो आला आहे. म्हणजे 'तुकमराई' म्हणताना आपण नकळत फारसी आणि अरबी बोलत असतो.

वऱ्हाडात हे शब्द रुजले याचे नवल वाटायला नको. १३४७ साली बहमनी सत्ता स्थापन झाली. १४९० पासून वऱ्हाडात इमादशाही होती. १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने ती जिंकली, १५९६ मध्ये वऱ्हाड मोगलांकडे गेले आणि अठराव्या शतकात तेथे हैदराबादच्या निजामाचा अंमल आला. इतकी शतके दरबारी कागदपत्रांत फारसी वावरत होती. तिचे शब्द कचेरीतून बाजारात आणि बाजारातून स्वयंपाकघरात उतरले.

मात्र शब्द फारसी आहे म्हणून झाडही तेव्हाच आले, असा निष्कर्ष काढू नये. भावमिश्रांच्या सोळाव्या शतकातल्या 'भावप्रकाश' ग्रंथात 'बर्बरी' नावाची वनस्पती येते, आणि तिची ओळख सब्ज्याशीच जोडली जाते. हिंदीतले 'बबुई तुलसी' हे नाव त्याच शब्दाचे रूप मानतात. 'बर्बर' म्हणजे परका. एकाच झाडाला एका भाषेने परके म्हटले, दुसरीने त्याची हिरवाई पाहिली आणि तिसरीने त्याचा सुगंध. ग्रीकांनी तर त्याला 'बॅसिलिकॉन', म्हणजे राजेशाही, म्हटले. 'बेसिल' हा शब्द तिथूनच आला.

झाडाला समाजात मिळालेली जागाही अशीच वेगवेगळी आहे. तुळस वृंदावनात गेली. कार्तिकात तिचे लग्न लागते आणि वारकऱ्यांच्या गळ्यात तिच्या माळा असतात. सब्ज्याच्या सुगंधी डहाळ्या फुलांबरोबर दर्ग्यात आणि कबरींवर वाहिल्या जातात. एकाच प्रजातीतल्या या दोन बहिणी एकाच गावात दोन घरांत मानाने राहिल्या. तुळशीचे पान आपण तीर्थात आणि काढ्यात घेतो, सब्ज्याचे बी सरबतात. सब्ज्याचे पान मात्र आपल्या ताटात क्वचितच आले.

शिव्या दिल्या तर चांगले उगवते?

ग्रीक विद्वान थिओफ्रास्टस याने इसवी सनापूर्वी चौथ्या-तिसऱ्या शतकात वनस्पतींवर लिहिले. लवकर उगवणाऱ्या बियांमध्ये त्याने 'ओकिमॉन'ची गणना केली आहे. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी मात्र एक मजेदार समजूत नोंदवतो : हे बी शिव्याशाप देत पेरले की जोमाने येते! फ्रेंच भाषेत 'बेसिल पेरणे' याचा अर्थ निंदानालस्ती करणे असा होतो.

आपल्याला हसू येते, पण वर्गासाठी हा उत्तम प्रयोग आहे. सारख्या आकाराच्या दोन कुंड्या घ्या. माती, पाणी, ऊन सारखे ठेवा. प्रत्येकीत पन्नास बिया पेरा. एका कुंडीपुढे रोज शिव्याशाप (गुरुजींनी मंजूर केलेले!), दुसरीपुढे शांतता. रोपे मोजणाऱ्या विद्यार्थ्याला कोणती कुंडी कोणती हे कळू देऊ नका. एकच गोष्ट बदलायची, बाकी सारे सारखे ठेवायचे आणि मोजणाऱ्याचा कल मोजणीत येऊ द्यायचा नाही, ही प्रयोगाची तीन तत्त्वे येथे आपोआप शिकून होतात.

जिनोव्हाचा ठेचा

इटलीतल्या जिनोव्हा शहरात हे पान स्वयंपाकाच्या केंद्रस्थानी आले. पाने, लसूण, चीज आणि ऑलिव्ह तेल खलात कुटून तिथे 'पेस्तो' करतात; चिलगोज्यासारखे दाणेही घालतात. पेस्तोची आजच्याशी जुळणारी कृती १८६३ साली रात्तो यांच्या पाकपुस्तकात छापली गेली. 'पेस्तारे' या इटालियन क्रियापदाचा अर्थ कुटणे, ठेचणे. त्यावरून पेस्तो. आपल्याकडे ठेचण्यावरून ठेचा झाला, तसेच हे. भाषा निराळ्या असल्या तरी खलबत्त्याने दोन्हीकडे सारखेच नाव सुचवले.

थायलंडमध्ये आणखी वेगळे चित्र दिसते. तेथे सब्ज्याचा एक प्रकार भाज्यांत आणि रश्शात घालतातच. त्याशिवाय 'कफ्राव' नावाची पाने मिरची-लसणाबरोबर मोठ्या आचेवर परततात. हे कफ्राव म्हणजे ऑसिमम टेन्युइफ्लोरम, आपली तुळसच! कोणते पान देवाचे आणि कोणते ताटातले, हे झाड ठरवत नाही. त्या त्या समाजाचा इतिहास ठरवतो.

वास कुठून येतो?

पानाच्या पृष्ठभागावर सूक्ष्म तैलग्रंथी असतात. पान चुरगळले की त्या फुटतात आणि बाष्पनशील तेल हवेत पसरते. या तेलातली रसायने आपल्या मसाल्याच्या डब्यात आधीच आहेत. तुळशीत अनेकदा युजेनॉल भरपूर असते, ते लवंगेतही असते. युरोपीय बेसिलमध्ये लिनालूल अधिक आढळते, ते धन्यांत असते. भारतातल्या पुष्कळ सब्ज्यांत मिथाइल चॅव्हिकॉल जास्त असते, म्हणून त्यांना बडीशेपेसारखा वास येतो. लवंग, धने, बडीशेप आणि ही पाने विद्यार्थ्यांना डोळे बांधून हुंगायला द्या. नाक ही प्रयोगशाळाच आहे.

वासाचे हे तेल उष्णतेने उडते आणि तेला-तुपात विरघळते. म्हणून पाने पदार्थ उतरवताना, शेवटी घालावीत किंवा तेलात कुटावीत. शेंगदाणे, लसूण, हिरवी मिरची, मीठ आणि मूठभर सब्ज्याची पाने खलबत्त्यात कुटून थोडे जवसाचे किंवा शेंगदाण्याचे तेल घातले की ज्वारीच्या भाकरीबरोबर खायला झकास चटणी होते. टोमॅटोच्या सारात वरून दोन-चार पाने चुरडून टाका आणि लगेच झाकण ठेवा. झाकण का ठेवायचे, हे आता मुलेच सांगतील.

लावावे कसे?

बी म्हणून दुकानातला सब्जा चालतो, मात्र तो ताजा हवा. पावसाळ्याच्या सुरुवातीला निचऱ्याच्या मातीत बी पसरून वर मातीचा अगदी पातळ थर द्यावा. रोप वीतभर झाले की शेंडा खुडावा. शेंड्यात तयार होणारे ऑक्सिन हे संप्रेरक बाजूच्या कळ्यांना दाबून ठेवते. शेंडा गेला की त्या फुटतात आणि झाड झुपकेदार होते. पाने हवी असतील तर मंजिऱ्या खुडत राहावे; बी हवे असेल तर काही ठेवाव्यात. मधमाश्याही खूश होतील. थंडी या झाडाला सोसत नाही. खुडलेली पाने फ्रिजमध्ये काळी पडतात, म्हणून डहाळी पाण्याच्या पेल्यात बाहेरच ठेवावी. एक डहाळी आत आणि एक बाहेर ठेवून दोन दिवसांनी तुलना करता येईल.

बियांभोवतीचे वलय

बियांच्या सालीतल्या पेशींत साखरेच्या लांब साखळ्यांपासून बनलेला चिकट पदार्थ साठवलेला असतो. तो पाणी शोषून फुगतो. निसर्गात या वलयामुळे बी जमिनीला चिकटून राहते आणि त्याच्याभोवती ओल टिकते. हे बी कोरडे गिळू नये, घशात फुगून अडकू शकते. नेहमी भिजवूनच घ्यावे. साध्या पाण्यात, मिठाच्या पाण्यात आणि लिंबाच्या पाण्यात ते सारखेच फुगते का? आधी अंदाज लिहून ठेवावा आणि मग पाहावे.

बाजारात मिळणारी 'चिया' वेगळी. ती याच कुळातली, पण मूळची मेक्सिकोकडची. तिचे दाणे करड्या ठिपक्यांचे असतात आणि फुगायला जास्त वेळ घेतात. रस्त्याकडेला माजणाऱ्या एका अमेरिकन तणालाही लोक 'रानतुळस' म्हणतात, आणि त्याचेही बी बुळबुळीत होते. म्हणून केवळ स्थानिक नावावर विसंबून कोणतेही पान तोंडात घालू नये. खात्री करून घ्यावी.

शेवटी एक गृहपाठ. सब्ज्याच्या झाडाला घरी, शेजारी, आजी-आजोबांकडे कोणकोणती नावे आहेत आणि त्याचा उपयोग कशासाठी होतो, याची यादी विद्यार्थ्यांना करायला सांगा. वृंदावन असलेल्या घरी विचारा, दर्ग्याजवळ फुले विकणाऱ्यांनाही विचारा. नाव, सांगणाऱ्याचे वय आणि गाव अशी नोंद ठेवा. एका छोट्या झाडाचा आपल्या गावापुरता इतिहास अजून लिहिलेला नाही. तो तुमच्या वर्गाच्या वहीत उतरू शकेल.