निवडीची साधना : इग्नेशियस लोयोला आणि तीस दिवसांचा एकांत

ख्रिस्ती परंपरेत आत्मिक वाढ ही मठाच्या भिंतींआड राहणाऱ्यांची गोष्ट मानली जात असे. परंतु सोळाव्या शतकात स्पेनमध्ये तिची एक अशी पद्धत आकारास आली, की जिचा शेवट ध्यानात नव्हे, तर आयुष्याविषयीच्या निर्णयात व्हावा अशी अपेक्षा होती. तिचा कर्ता इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) हा बास्क सरदारघराण्यातील पुरुष होता. २० मे १५२१ रोजी पाम्प्लोनाच्या किल्ल्यावर तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला आणि लोयोलाच्या गढीत त्याला दीर्घकाळ अंथरुणास खिळून राहावे लागले. मनोरंजनासाठी त्याने शूरवीरांच्या कादंबऱ्या मागितल्या. त्या घरात नव्हत्या, म्हणून ख्रिस्तचरित्र आणि संतकथांचा एक संग्रह त्याच्या हाती पडला. एखाद्या उच्चकुलीन स्त्रीची मर्जी संपादन करण्याची स्वप्ने रंगवताना मन सुखावे, पण नंतर कोरडे पडे. संतांसारखे जगण्याचा विचार मात्र सरल्यावरही प्रसन्नता मागे ठेवी, हे त्याच्या ध्यानी आले. मनातील हालचालींचा असा माग काढून त्यांचे मूळ ओळखण्याच्या या क्रियेला ख्रिस्ती परिभाषेत आत्म्यांची पारख म्हणतात, आणि पुढील सारी साधना या एका निरीक्षणावर उभी आहे.

मार्च १५२२ मध्ये मोंसेरातच्या मठात त्याने तलवार मरियामातेच्या वेदीपाशी ठेवली आणि जवळच्या मानरेसा गावी सुमारे अकरा महिने काढले. मोंसेरातचे मठाधिपती गार्सिया दे सिस्नेरोस यांनी १५०० साली प्रार्थनेचा क्रमबद्ध ग्रंथ छापला होता, तेव्हा टप्प्याटप्प्याने मनन करण्याची कल्पना इग्नेशियसला पूर्णतः नवी नसावी. तथापि आपल्यावर गुदरलेले अनुभव टिपून दुसऱ्याला वाट दाखवता येईल असे टाचण करणे, हे त्याचे स्वतःचे काम होते. त्या टाचणांतून ‘आध्यात्मिक साधना’ हे छोटेखानी पुस्तक सिद्ध झाले. ते वाचण्यासाठी नाहीच. साधना देणाऱ्या मार्गदर्शकाच्या हाती ठेवलेली ती सूचनांची वही आहे.

सुमारे तीस दिवसांच्या या साधनेचे चार भाग असून त्यांना ‘आठवडे’ म्हणतात, जरी त्यांची लांबी साधकाच्या प्रगतीनुसार कमीअधिक होते. पहिल्यात स्वतःच्या पापांचे, दुसऱ्यात ख्रिस्ताच्या जीवनाचे, तिसऱ्यात त्याच्या दुःखसहनाचे आणि चौथ्यात पुनरुत्थानाचे चिंतन असते. या रचनेचा कणा दुसऱ्या आठवड्यातील ‘निवड’ हा आहे. माणसे आधी विवाह किंवा धर्मपद पत्करतात आणि मग त्यातच देवाची सेवा करू पाहतात, म्हणजे साधनालाच साध्य करून बसतात, असे इग्नेशियसचे म्हणणे होते. म्हणून कोणत्याही पर्यायाकडे मन आधीच झुकलेले नसावे, श्रीमंती-गरिबी वा दीर्घायुष्य-अल्पायुष्य यांत आसक्ती उरू नये, अशी मोकळीक त्याने प्रथम मागितली. तरीही मन निश्चित होत नसेल, तर आपण मृत्युशय्येवर आहोत असे कल्पून, त्या क्षणी कोणता निर्णय घेतलेला असता तर बरे वाटले असते, हे स्वतःला विचारावे, असा उपाय त्याने सुचवला.

या पुस्तकातील सर्वांत धाडसी सूचना मार्गदर्शकासाठी आहे : त्याने साधकाला कोणत्याही बाजूस ओढू नये, तराजूच्या काट्याप्रमाणे मध्यभागी राहावे आणि निर्मात्याला त्याच्या लेकराशी थेट वागू द्यावे. ज्या काळात धर्मगुरूंच्या मध्यस्थीविना देवाशी संबंध सांगणाऱ्यांवर स्पेनमध्ये संशयाची नजर होती, त्या काळात ही सूचना धोक्याचीच होती. १५२७ साली सालामांकात इग्नेशियस बावीस दिवस तुरुंगात राहिला. टाचणे तपासली गेली, त्यांत दोष आढळला नाही, परंतु धर्मशास्त्राचा अभ्यास होईपर्यंत काही विषयांवर शिकवण्यास त्याला मनाई झाली. परिणामी तो पॅरिसला गेला. तेथेच पीटर फेबर आणि फ्रान्सिस झेवियर हे सोबती त्याला लाभले. १५ ऑगस्ट १५३४ रोजी मोंमार्त्र येथे इग्नेशियससह सात जणांनी व्रते घेतली; त्यांच्यातून उभ्या राहिलेल्या येशूसंघाला १५४० मध्ये तिसऱ्या पॉल या पोपने मान्यता दिली आणि १५४८ मध्ये साधनेच्या पुस्तकालाही.

मराठी वाचकाशी या इतिहासाचा संबंध दूरचा नाही. झेवियर १५४२ मध्ये गोव्यात उतरला. येशूसंघात येणाऱ्या प्रत्येक नवदीक्षिताला महिनाभराची ही साधना करावी लागे. रोममध्ये १५७५ साली संघात दाखल झालेला इंग्रज थॉमस स्टीफन्स त्याच शिस्तीतून घडला, १५७९ मध्ये गोव्यास पोहोचला, आणि त्याचे मराठी ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोल येथे छापले गेले.

पुढे संख्या वाढली तशी पद्धत बदलली. सतराव्या शतकात फ्रान्समधील व्हानसारख्या ठिकाणी एकांतगृहे निघाली आणि अनेकांना एकत्र प्रवचने देण्याचा प्रघात रूढ झाला. त्यामुळे साधना पुष्कळांपर्यंत पोहोचली खरी, पण एका माणसाने दुसऱ्याचे ऐकत राहण्याचा तिचा मूळ गाभा झाकला गेला, आणि ही हानी लहान नव्हती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एकेकट्याला साधना देण्याची जुनी रीत पुन्हा सुरू झाली. त्याचबरोबर ज्यांना कामधंदा सोडून महिनाभर दूर जाता येत नाही, त्यांनी रोज ठरावीक वेळ काढून तीच साधना अनेक महिन्यांत पुरी करावी, ही इग्नेशियसने मूळ पुस्तकातच केलेली सोय विवाहित आणि नोकरदार स्त्री-पुरुषांच्या उपयोगी पडू लागली.