परवाना कोणाच्या नावाचा?

विलायतेस नोकरी शोधणारा आमच्याकडील तरुण मालकास पगार विचारतो, रजा विचारतो. परंतु ‘माझ्या व्हिसाची स्पॉन्सरशिप आपण घेणार काय?’ एवढे विचारताना त्याची जीभ अडखळते. आपण उपकार मागत आहोत, असे त्यास वाटते. निघण्यापूर्वी कुलदेवतेस कौल लावणारे आम्ही, मालकास मात्र एक प्रश्न घालीत नाही! या परवान्याचा इतिहास पाहिला असता हा संकोच अनाठायी असल्याचे दिसून येते.

१९२० च्या ब्रिटिश ‘एलियन्स ऑर्डर’नुसार परकीयास कामावर ठेवण्याचा परवाना मजूर खाते देई, आणि तो देई मालकास, कामगारास नव्हे. भारतीय माणसास ही अट नव्हती. १ जुलै १९६२ पासून मात्र त्यासही व्हाउचर लागू लागले. त्यांतील ‘अ’ वर्ग नोकरी ठरलेल्यांचा असे, व त्याचा अर्ज मालकानेच करावयाचा असे. १९७१ चा कायदा १९७३ च्या आरंभी अमलात येऊन व्हाउचरांच्या जागी वर्क परमिट आले. २००८ साली सरकारमान्य स्पॉन्सरची पद्धत आली. नावे पालटली, अर्जदार मालकच राहिला.

गोमंतकीयांची कथा निराळी. १९६१ पूर्वी पोर्तुगीज अमलात जन्मलेल्यांना व त्यांच्या वंशजांना पोर्तुगीज नागरिकत्वाची नोंद करता येते. त्या पासपोर्टावर कितीतरी कुटुंबे स्विंडनसारख्या गावी गेली. युरोपीय संघाच्या नियमांमुळे त्यांना स्पॉन्सर लागत नसे. ही मोकळीक ३१ डिसेंबर २०२० रोजी संपली. तोवर तेथे राहावयास गेलेल्यांना हक्क राखण्याची सोय मिळाली. परंतु त्यानंतर भारतीय नागरिकत्व सोडून तो पासपोर्ट घेणाऱ्यास विलायतेत इतर परकीयांच्याच रांगेत उभे राहावे लागते. हे ठाऊक नसल्याने घरदार विकून बसलेले लोक आमच्या परिचयात आहेत.

तेव्हा प्रश्न विचारावा, आणि मुलाखतीत बोलणे पगारावर येण्यापूर्वीच विचारावा. परवानाधारक मालकांची यादी ब्रिटिश सरकार प्रसिद्ध करते. अर्जापूर्वी ती पाहावी. नाव यादीत असले म्हणजे तो प्रत्येकास स्पॉन्सर करीलच असे नाही. पद कोणते, पगार नियमात बसतो काय, खर्च कोणाकडे, हे लेखी घ्यावे. २०१७ पासून मालकावर बसविलेला कौशल्य-आकार कामगाराकडून वसूल करण्यास कायद्याने मनाई आहे. प्रमाणपत्र त्या मालकाच्या त्या कामापुरतेच असते. त्याचा परवाना रद्द झाल्यास नवा स्पॉन्सर शोधण्यास सामान्यतः ६० दिवस मिळतात. २०२२ नंतर वृद्धसेवेच्या कामासाठी दलालांना मोठ्या रकमा देऊन गेलेल्या अनेकांवर, तेथे पोहोचल्यावर काम नाही व मालकाचा परवानाही गेलेला, अशी पाळी आली.