भंडाऱ्याच्या एक्सचेंजमधले आकडे

भंडारा आणि गोंदिया हे जिल्हे १ मे १९९९ रोजी वेगळे झाले. टेलिफोनपर्यंत ही वाटणी पोहोचली नाही. लाखांदूरचा एसटीडी क्रमांक ०७१८१, गोंदियाचा ०७१८२, तुमसरचा ०७१८३, भंडाऱ्याचा ०७१८४, पवनीचा ०७१८५, साकोलीचा ०७१८६ आणि गोरेगावचा ०७१८७. महसुली नकाशावर आता न दिसणारा अखंड भंडारा जिल्हा या क्रमांकांत अजून शाबूत आहे. हे आकडे नुसते डिरेक्टरीत छापलेले असते तर पुढच्या आवृत्तीत बदलता आले असते. पण ते देशभरच्या एक्सचेंजांच्या स्मृतीत लिहिलेले आहेत, म्हणून राहिले. जिल्ह्यातल्या टेलिफोनचा इतिहास सांगताना सहसा खांब, तारा, ट्रंक कॉलची ताटकळ आणि चौकाचौकांतले एसटीडी बूथ यांच्याविषयी बोलले जाते. ते खरेच आहे, पण या इतिहासाचा कणा मला दुसरीकडे दिसतो. यंत्र पकडीने आणि पेचकसाने जुळवायचे सोडून त्याच्या स्मृतीत आकडे लिहून जुळवायचे, हा बदल झाला नसता तर वैनगंगेच्या खोऱ्यातल्या लहान गावांत स्वयंचलित एक्सचेंज टिकलेच नसते.

आधीची पद्धत किती जड होती हे पाहिल्यावर या दाव्याचे वजन कळते. अमेरिकेत अल्मन स्ट्राउजर यांना १८९१ साली पेटंट मिळालेली स्वयंचलित एक्सचेंजची रचना भारतातही अनेक दशके चालली. डायल फिरली की विजेचे ठोके निघत, एका सेकंदाला साधारण दहा. प्रत्येक ठोक्याला एक धातूचा दांडा पायरीपायरीने वर चढे, मग आडवा फिरे आणि हव्या त्या तारेला जाऊन टेके. असे शेकडो दांडे, हजारो रिले. प्रत्येक रिलेच्या पातळ पट्टीचा ताण ग्रॅममध्ये मोजून बसवावा लागे, संपर्काची टोके घासून स्वच्छ ठेवावी लागत. एक्सचेंजचे सारे ‘सेटिंग’ धातूत होते, आणि धातू झिजतो, गंजतो, धूळ धरतो. नागपूरला यासाठी प्रशिक्षित माणसांचा ताफा पोसता येई. धानाच्या बांध्यांमधल्या, मोजकेच टेलिफोन असलेल्या गावासाठी तसा एक माणूसही परवडत नसे. त्यातही इथे पावसाळ्यात १,२०० मिलिमीटरांहून अधिक पाऊस, त्याआधी मे महिन्यात ४५ अंशांपर्यंत जाणारा पारा. अशा हवेत बारीक ताणावर उभे असलेले यंत्र बिनमाणसाचे ठेवणे म्हणजे ते बंद पडू देणेच.

ऑगस्ट १९८४ मध्ये सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन केंद्राची स्थापना झाली ती ३६ महिने आणि ३६ कोटी रुपये अशा बोलीवर. ते उभारणाऱ्यांपैकी सॅम पित्रोदा यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून आलेले एम. व्ही. पिटके मात्र महाराष्ट्रातही फारसे आठवले जात नाहीत. या मंडळींनी सुरुवातीलाच हात घातला तो ग्रामीण एक्सचेंजला. जुलै १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला ते सुरू झाले: १२८ पोर्टांचे, एका कपाटात मावणारे आणि वातानुकूलनाशिवाय चालणारे. हेच कपाट पुढे देशभरच्या लहान गावांत पोहोचले. त्यात प्रत्येक ग्राहकाच्या तारेला एक कार्ड भेटते आणि त्या कार्डावरची कोडेक ही चिप या कहाणीतली खरी नायिका आहे. बोलणाऱ्याचा आवाज म्हणजे तारेवरचा चढता-उतरता विद्युतदाब. पाठवण्याच्या बाजूने कोडेक सेकंदाला ८,००० वेळा तो मोजते आणि प्रत्येक मोजणी आठ बिटांच्या आकड्यात मांडते. येणाऱ्या बाजूने अशाच आकड्यांचा पुन्हा आवाज करते. एकाच तुकड्यात निम्मे काम अखंड लहरींचे आणि निम्मे आकड्यांचे.

अशा चिपला काय करायचे ते कसे सांगायचे? १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या इंटेलच्या २९१० आणि २९११ या कोडेकांत याचे फार स्वच्छ उत्तर सापडते. त्यातली २९११ ही आपल्याकडे वापरात असलेल्या ए-लॉ पद्धतीची. या चिपला बाहेरून आठ बिटांचा एक हुकूम पाठवायचा. पहिले दोन बिट सांगतात की हुकूम पाठवण्याच्या बाजूला आहे, येणाऱ्या बाजूला आहे, दोन्हींना आहे की चिपने विश्रांती घ्यायची आहे. उरलेले सहा बिट सांगतात की सामायिक तारेवर कितव्या क्षणी बोलायचे. हा हुकूम चिप आपल्या आतल्या छोट्या कप्प्यात, म्हणजे रजिस्टरमध्ये, धरून ठेवते. एका सामायिक तारेवर ३२ वाटे, प्रत्येकी आठ बिट, सेकंदाला ८,००० फेऱ्या: वीस लाख अठ्ठेचाळीस हजार बिट. मामा (माजी मालगुजारी) तलावाचे पाणी कोणत्या बांधीला कधी सोडायचे हे पाणकर ठरवतो, तशी इथे एक्सचेंजचा प्रोसेसर प्रत्येक संभाषणाची पाळी ठरवतो. फरक इतकाच की पाळी सेकंदाच्या आठ हजाराव्या भागात फिरून येते. स्ट्राउजरच्या दांड्याने जे अंतर सरकून कापले, ते इथे सहा बिट लिहून कापले जाते. झिजायला काही उरत नाही. कार्ड बिघडले तर लाइनमनने दुसरे खोचायचे. प्रोसेसर तेच आकडे नव्या चिपमध्ये लिहितो आणि फोन पूर्ववत होतो.

आकडे लिहून सगळेच साधले असे मात्र नाही. ग्राहकाकडे जाणारी तार दोनच धाग्यांची असते. जाणारा आणि येणारा आवाज तिथे एकत्र वाहतो. ते वेगळे करताना तार किती लांब आहे याचा मेळ नीट बसला नाही तर बोलणाऱ्याला स्वतःचाच आवाज परत ऐकू येतो. शहरातल्या तारा आखूड आणि बऱ्याच अंशी सारख्या, गावातल्या लांब आणि एकमेकींहून वेगळ्या. सुरुवातीच्या कार्डांत हा मेळ ठरावीक रोध आणि धारित्र बसवून, सरासरीवर भागवला जाई. नॅशनल सेमीकंडक्टरच्या कॉम्बो-२ सारख्या पुढच्या चिपांत आवाजाची पातळी ०.१ डेसिबलच्या पायरीने रजिस्टरमधून ठरवता येऊ लागली, आणि तारेशी मेळ घालणारी गाळणीही आकड्यांनी बदलता येऊ लागली. म्हणजे गावाचे भौगोलिक वेगळेपणसुद्धा लिहिता येण्याजोगे झाले.

यावर पहिला आक्षेप असा की टेलिफोन चिपमुळे नाही, राजकीय निर्णयामुळे आणि बूथ चालवणाऱ्यांच्या कष्टामुळे गावात आला. निर्णयाशिवाय काहीच झाले नसते, हे मान्य. पण गावोगाव टेलिफोन नेण्याचा निर्णय स्ट्राउजरच्या यंत्रांवर राबवायचा म्हटला असता, तर यंत्रे बसवता आली असती, जुळवत ठेवणारी माणसे नसती. बूथवाल्याची मिळकत डायल टोनवर अवलंबून होती आणि डायल टोन माणसाविना टिकणे त्या रजिस्टरांवर. दुसरा आक्षेप स्वदेशीचा: चिपा बाहेरच्या, मग यात आपले ते काय? मला वाटते, नेमके हेच आपले होते. चिप सर्वांना एकच मिळते. तिच्यात कोणते आकडे, कोणत्या क्रमाने, कोणत्या बिघाडाला काय उत्तर म्हणून लिहायचे, ही रचना बंगळूर आणि दिल्लीत बसून इथल्या उष्म्यासाठी आणि इथल्या अनियमित विजेसाठी केली गेली. तिसरा आक्षेप सर्वांत सबळ आहे आणि तो मी पूर्ण खोडू शकत नाही. रिलेचा ताण हाताने बसवणाऱ्याला यंत्र आतून कळत होते; कार्ड खोचणाऱ्याला ते कळेनासे झाले. जुळवणी सोपी झाली ती जिल्ह्यातून बाहेर जाऊन.

यंत्र आणि ते हाताळणारा यांच्यातली ही दरी मोबाइलने रुंदावली. आजच्या टॉवरवरच्या रेडिओ चिपमध्ये पाठवण्याच्या आणि घेण्याच्या दोन्ही वाटांसाठी शेकडो, कित्येकदा हजारो रजिस्टरे असतात: वारंवारता, गाळणीची रुंदी, आवर्धन, दोन वाटांतला तोल. ती भरणारी आज्ञावली निर्मात्याकडून येते आणि साकोलीच्या टॉवरखाली उभा असलेला तंत्रज्ञ ती पाहूही शकत नाही. २०२५ मध्ये सी-डॉट, तेजस आणि टीसीएस यांच्या सहभागातून बीएसएनएलची देशी ४जी यंत्रणा उभी राहिली, म्हणजे आकडे लिहिण्याचा अधिकार निदान देशात परतला. जिल्ह्यात तो यायचा असेल तर अभ्यासाचे साहित्य हाताशी आहे. जुनी सी-डॉट एक्सचेंजे नव्या यंत्रणेला जागा देऊन भंगारात निघत आहेत. त्यांची लाइन कार्डे, जोडणीचे नकाशे आणि ग्राहकवार आकड्यांच्या छापील याद्या भंडारा, तुमसर आणि साकोलीच्या आयटीआयमध्ये यायला हव्यात. त्या कार्डावरची चिप अजून बाकावर ठेवून चालवता येते आणि ती २९११ च्या धर्तीची असेल तर आठ बिटांचा हुकूम विद्यार्थ्याला स्वतःच्या हाताने लिहिता येतो.