सेकंडहँड गाडी सारखी गॅरेजला? हप्ता थांबवण्याआधी हे वाचाच

कार बाजारातून फायनान्सवर घेतलेली जुनी गाडी महिन्याभरात गरम व्हायला लागते. गॅरेजवाला थर्मोस्टॅट बदलतो. पंधरा दिवसांनी परत तेच. मग रेडिएटर, मग पंखा, शेवटी हेड गॅस्केट. विकणारा आधी "आणा गाडी, बघू" म्हणतो, नंतर फोनच उचलत नाही. हप्ता मात्र दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला खात्यातून बरोबर कापला जातो. अशा वेळी पारावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे, "गाडीच चालत नाही तर हप्ता कशाला भरायचा? येऊ दे फायनान्सवाल्यांना, घेऊन जाऊ दे गाडी."

हा सल्ला ऐकणाऱ्याचेच सगळ्यात जास्त नुकसान होते. गाडीतल्या बिघाडाचे भांडण विकणाऱ्याशी आहे. हप्त्याचा करार फायनान्स कंपनीशी आहे. कंपनीने पैसे दिले, विकणाऱ्याला ते पोचले, तिथे तिचे काम झाले. इंजिन कसे आहे याची हमी तिने बहुतेक करारांत घेतलेली नसते. त्यामुळे इंजिन बसले म्हणून हप्ता थांबवला की कर्जदार थकबाकीदार ठरतो आणि विकणारा बाजूलाच राहतो.

हप्ता थांबवला तर हिशोब कसा होतो?

उदाहरणादाखल साडेतीन लाखांची गाडी घेऊ. १ लाख रोख, अडीच लाख कर्ज, मुदत ४८ महिने. एजंट सांगतो, "व्याज फक्त नऊ टक्के." हा बहुतेक वेळा फ्लॅट दर असतो, म्हणजे मुद्दल फिटत गेले तरी चारही वर्षे पूर्ण अडीच लाखांवर व्याज. ते होते ९० हजार. हप्ता साधारण ७ हजार ८० रुपये. घटत्या शिलकीवर हाच दर जवळजवळ १६ टक्के पडतो.

आठ हप्ते भरले, म्हणजे ५६ हजारांवर रक्कम खिशातून गेली. पण सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा मोठा असल्याने मुद्दल बाकी राहते सुमारे २ लाख १८ हजार. आता हप्ता थांबवला, गाडी ओढून नेली आणि लिलावात समजा १ लाख ६० हजार आले, तर उरलेले ५८ हजार कर्जदाराकडूनच मागितले जातात. त्यावर दंड, गाडी ओढून नेण्याचा खर्च, यार्डाचे भाडे. कर्जदाराने दिले नाही तर जामीनदाराच्या दारात. शिवाय सिबिल खराब होते ते वेगळेच; पुढे ट्रॅक्टरला किंवा घराला कर्ज मागायला गेल्यावर ते आडवे येते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे बिघाडाचा मुख्य पुरावा, ती गाडीच, हातातून गेलेली असते.

हप्ता भरणे खरेच अशक्य झाले असेल तर तारीख चुकण्याआधी फायनान्स कंपनीला लेखी अर्ज द्यावा. मुदत वाढवून हप्ता कमी करता येतो का, हे विचारावे आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. शाखेतल्या साहेबांशी तोंडी झालेले बोलणे पुढे कुणालाच आठवत नाही.

वसुलीवाल्यांनाही नियम आहेत. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन करता येत नाही, धमकी देता येत नाही. गाडी जप्त करण्याची पद्धत, नोटिशीची मुदत आणि विकण्याआधी पैसे भरण्याची शेवटची संधी या गोष्टी करारात लिहिलेल्या असाव्या लागतात. करार इंग्रजीत असला तरी त्याची प्रत मागून घ्यावी. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ कर्जांना 'की फॅक्ट स्टेटमेंट' देणे बंधनकारक आहे. कर्जदाराला समजेल त्या भाषेत ते असायला हवे आणि व्याजाचा खरा वार्षिक दर त्यात दिसायला हवा.

बिघाड कोणता, झीज कोणती?

इथे जरा स्पष्ट बोलायला हवे. ८० हजार किलोमीटर चाललेल्या गाडीची क्लच प्लेट गेली, ब्रेक पॅड घासले, बॅटरी बसली, टायर गुळगुळीत झाले, तर ती झीज आहे. त्यासाठी विकणाऱ्याच्या मागे लागून फारसे काही पदरात पडत नाही. उंदराने वायरी कुरतडल्या तर तोही विकणाऱ्याचा दोष नव्हे. भांडण्यासारखी गोष्ट वेगळी असते: गाडी विकली त्या दिवशीच आत असलेला आणि लपवलेला दोष.

असे दोष ठराविक असतात. मीटर मागे फिरवलेले असते. मोठा अपघात झालेला असताना "फक्त बंपरला लागलंय" असे सांगितलेले असते. गाडी पुराच्या पाण्यात बुडालेली असते. २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापूर भागात अनेक गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या; अशी गाडी वरून धुऊन-पुसून चकाचक दिसते, पण सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढला की खालच्या पट्ट्यावर मातीची रेघ सापडते, कार्पेटखाली सीटच्या पट्ट्यांना गंज असतो आणि वायरिंगच्या तक्रारी एकामागून एक सुरू होतात. आज काच खाली होत नाही, उद्या मीटरवर दिवा लागतो, परवा गाडी चालूच होत नाही.

मीटरची शंका असेल तर त्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला जाऊन गाडी नंबर किंवा चेसिस नंबरवरून जुन्या सर्व्हिसिंगची नोंद विचारावी. दोन वर्षांपूर्वी सर्व्हिसिंगला ९६ हजार किलोमीटर नोंदले असतील आणि आज मीटर ६१ हजार दाखवत असेल, तर वेगळ्या पुराव्याची गरज फारशी उरत नाही. विम्याच्या जुन्या क्लेमची माहितीही मिळते का ते पाहावे; अपघात लपवला असेल तर तिथे तो दिसून येतो.

इंजिन उघडण्याआधी थांबा

बऱ्याच जणांची केस इथेच बिघडते. गाडी तिसऱ्यांदा बंद पडली की वैतागून मालक गावातल्या फिटरकडे इंजिन खोलायला देतो. मग विकणारा म्हणतो, "आमची गाडी ठीक होती, तुमच्या मिस्त्रीने बिघडवली." याला उत्तर देणे अवघड जाते. म्हणून मोठे काम काढण्याआधी विकणाऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर आणि पत्राने कळवावे की अमुक तारखेला, अमुक किलोमीटरवर, अमुक तक्रार आली आहे, सात दिवसांत येऊन पाहा. तो आला नाही तरी कळवल्याचा पुरावा राहतो.

त्यानंतर गाडी शक्यतो अधिकृत सर्व्हिस सेंटरला न्यावी आणि प्रत्येक वेळी जॉबकार्ड घ्यावे. जॉबकार्डवर तारीख, किलोमीटर आणि तक्रार गाडीमालकाच्या शब्दांत लिहून घ्यावी. "जनरल चेकअप" एवढेच लिहिलेले कार्ड पुढे काही कामाचे नसते. तीच तक्रार तीन वेगवेगळ्या तारखांना तीन जॉबकार्डांवर दिसली की "सारखी बिघडते" हे म्हणणे सिद्ध व्हायला लागते. स्कॅनर लावला असेल तर त्याचा रिपोर्ट प्रिंट करून घ्यावा. बदललेले जुने पार्ट भंगारात न देता पोत्यात बांधून ठेवावेत. गाडी रस्त्यात बंद पडली तर व्हिडिओ काढताना मीटरवरचे किलोमीटर दिसू द्यावेत. टोइंगची पावती जपावी.

विक्रीच्या वेळची जाहिरात, फोटो, "इंजिनची एक वर्ष गॅरंटी" असे मेसेज, कॉल रेकॉर्डिंग हे सगळे मूळ मोबाईलमध्येच राहू द्यावे. मोबाईल विकताना किंवा फॉरमॅट करताना नेमके हेच जाते.

दोष विक्रीच्या दिवशीच होता, हे सांगायला तज्ज्ञाचा लेखी अहवाल लागतो. सर्व्हिस सेंटर किंवा पॉलिटेक्निकच्या ऑटोमोबाईल विभागातले जाणकार असा अहवाल देऊ शकतात. अहवाल नाही म्हणून तक्रार फेटाळली जाण्याची भीती असते, त्यामुळे त्याला दोन-तीन हजार खर्च झाले तरी हात आखडता घेऊ नये.

तक्रार कुठे, खर्च किती?

आधी विकणाऱ्याला स्पीड पोस्टने नोटीस पाठवावी. काय सांगून गाडी विकली, काय निघाले, दुरुस्तीवर किती गेले आणि काय हवे आहे (दुरुस्ती, पैसे परत की भरपाई) हे सरळ लिहावे. १५ दिवसांची मुदत द्यावी. वकिलाकडूनच नोटीस पाठवायला हवी असे नाही.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर मराठीतही बोलता येते. त्यांना आदेश देण्याचा अधिकार नाही, पण तक्रार नोंदली की मोठ्या कार कंपन्यांच्या जुन्या गाड्यांच्या शोरूमकडून हालचाल होते. तालुक्याच्या ठिकाणच्या लहान कार बाजारवाल्यावर त्याचा तितका परिणाम होईलच असे नाही.

खरा आदेश मिळतो तो जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडून. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार ग्राहक जिथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. गाडी पुण्याहून किंवा मुंबईहून आणली असली तरी खेटे आपल्याच जिल्ह्याला. दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. ५० लाखांपर्यंतचे व्यवहार जिल्हा आयोगात चालतात. ऑनलाईन तक्रार ई-जागृती पोर्टलवर करता येते आणि वकिलाशिवाय स्वतः उभे राहता येते. ज्यांना वकील परवडत नाही त्यांनी तालुका विधी सेवा समितीकडे जावे किंवा १५१०० वर फोन करावा.

मुदत २ वर्षांची आहे, तक्रारीचे कारण घडल्यापासून. विकणाऱ्याच्या "पुढच्या महिन्यात करून देतो"वर वर्ष-दीड वर्ष सहज निघून जाते. कायद्यात निकालासाठी ३ महिने, तपासणी लागल्यास ५ महिने असे लिहिले आहे. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, हे धरूनच चालावे. आयोगाचा अंतरिम आदेश हातात पडेपर्यंत हप्ता सुरू ठेवावा.

पक्के बिल न देणे ही या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेलीच नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणे हीसुद्धा. म्हणून पहिल्या महिन्यातली लेखी तक्रार फार मोलाची. "गाडी आहे त्या स्थितीत विकली" अशी ओळ पावतीवर असते, तिला घाबरून गप्प बसू नये. साध्या झिजेपुरती ती चालते. मीटर फिरवून किंवा अपघात लपवून विकले असेल तर त्या ओळीने विकणारा सुटतोच असे नाही.

गाडी वडापसाठी घेतली असेल तर समोरचा वकील "हा ग्राहक नाही, धंदेवाला आहे" म्हणणारच. स्वतः चालवून फक्त स्वतःचे पोट भरण्यासाठी घेतली असेल तर कायदा त्याला ग्राहकच मानतो. चार गाड्या लावून ड्रायव्हर ठेवणाऱ्याला मात्र हा आधार मिळणे कठीण.

फायनान्स कंपनीविरुद्ध तक्रार केव्हा? तिने न सांगता विमा किंवा इतर चार्जेस कर्जात घातले, वसुलीत दांडगाई केली किंवा भरलेले हप्ते जमा दाखवले नाहीत, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. चौकशीसाठी क्रमांक १४४४८. इंजिनची तक्रार मात्र लोकपाल ऐकत नाही.

आरसी कुणाच्या नावावर आहे?

भांडण सुरू करण्याआधी आरसी बुक पाहावे. गाडी वर्षभर दारात उभी असते, हप्ते फाटत असतात आणि आरसीवर नाव अजून पहिल्याच मालकाचे. "एजंट करतोय टीटी" एवढेच उत्तर मिळते. नियमानुसार खरेदीदाराने ३० दिवसांत नावावर करण्यासाठी आरटीओकडे कळवायचे असते. फॉर्म २९ आणि ३० भरले का, कर्जाचा बोजा चढवण्याचा फॉर्म ३४ गेला का, जुन्या मालकाचा बोजा फॉर्म ३५ ने उतरला का, हे एम-परिवहन अ‍ॅपवर गाडी नंबर टाकून आणि आरटीओत विचारून तपासता येते. आरसीच्या कामाचे पैसे फायनान्स कंपनीने घेतले आणि काम केले नाही, तर आयोगातल्या तक्रारीत तिलाही सामनेवाला करता येते. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्याला आरटीओचे अधिकारपत्र लागते. ते नसेल तर तेही तक्रारीत लिहावे.

गाडी कार बाजारातून न घेता ओळखीच्या माणसाकडून घेतली असेल तर वाट वेगळी. एकदाच आपली गाडी विकणारा पाहुणा किंवा मित्र हा व्यापारी नसल्याने ग्राहक आयोग सहसा उपयोगी पडत नाही. तिथे दिवाणी दावा किंवा, जाणूनबुजून फसवले असेल तर, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली पोलिसांत तक्रार हे मार्ग राहतात. पण अशा व्यवहारात बहुधा मध्ये एक एजंट असतो आणि त्याने दोन्हीकडून दलाली घेतलेली असते. ती दलाली फोनवरून पाठवली असेल तर त्याची नोंद मोबाईलमध्ये सापडते. तो एजंट धंदा म्हणूनच गाड्या विकतो हे त्यावरून दाखवता आले, तर त्याच्याविरुद्ध आयोगात जाता येईल का, हे वकिलाला जरूर विचारावे.