जलदुर्गांचे कामकरी आणि थकलेली वरात

आपण दिल्लीकर मराठी मंडळी शिवछत्रपतींचे नाव घेतो तेव्हा आपल्याला सर्वांत आधी जवळचे आग्रा आठवते. मे १६६६ मधला तो बाणेदार दरबारी प्रसंग आणि ऑगस्टमधली सुटका! परंतु त्याच काळात इथून शेकडो कोस दूर, मालवणच्या समुद्रात, कुरटे बेटावर एक प्रचंड काम सुरू होते, हे सहसा ध्यानात येत नाही. सिंधुदुर्गाचा पाया नोव्हेंबर १६६४ मध्ये घातला गेला आणि बांधकाम १६६७ पर्यंत चालले. याच दरम्यान, जून १६६५ मध्ये, पुरंदरच्या तहाने २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले होते. एकीकडे किल्ले जात होते, दुसरीकडे समुद्रात नवा किल्ला उभा राहत होता.

हे काम कोणाच्या हातांनी झाले? देखरेख हिरोजी इंदुलकरांची, असे परंपरा सांगते. पण सुमारे तीन किलोमीटर लांबीचा तट भर समुद्रात उभा करायचा म्हणजे पाथरवट हवेत, लोहार हवेत, चुना मळणारे हवेत आणि दगड वाहणाऱ्या होड्यांवर नावाडी हवेत. बेटावर धान्य पिकत नाही. तेव्हा या सगळ्यांच्या पोटापाण्याची सोय किनाऱ्यावरूनच करावी लागे. शत्रूच्या तोफेइतकेच भय गल्ला वेळेवर न पोहोचण्याचे!

याचा लेखी पुरावाच आपल्याकडे आहे. मुरूडजवळ कासा बेटावर, जंजिऱ्याच्या सिद्दीला शह देण्यासाठी महाराजांनी पद्मदुर्ग उभारला. तिथे दौलतखान आणि दर्यासारंग हे आरमाराचे सरदार होते. त्यांना पैसा व धान्य मिळावे म्हणून मोरोपंत पेशव्यांनी प्रभावळीचे सुभेदार जिवाजी विनायक यांच्यावर वराता काढल्या. ही वरात लग्नातली नव्हे बरे! सुभ्याच्या वसुलातून अमुक इतकी रक्कम वा धान्य अमक्याला द्यावे, असा तो सरकारी हुकूम. आजच्या भाषेत मंजूर झालेले बिल.

सुभेदारांनी ते बिल अडवले. पैसाही नाही, गल्लाही नाही. जानेवारी १६७५ मध्ये महाराजांनी त्यांना जे पत्र लिहिले, ते मुळातून वाचण्यासारखे आहे. त्याचा आशय असा : आरमार आणि पद्मदुर्ग यांना सामान पोहोचवायचे सोडून तुम्ही स्वस्थ बसता; सिद्दीने काही देऊन तुम्हाला आपले चाकर केले आहे की काय? अशा चाकराची गय होणार नाही आणि ब्राह्मण म्हणून कोणी मुलाहिजाही ठेवणार नाही! म्हणजे रसद अडवणे ही महाराजांच्या लेखी नुसती दिरंगाई नव्हती, ती शत्रूची चाकरी होती. कचेरीत काम करणाऱ्या आपणा सर्वांना ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

चार वर्षांनी, १६७९ मध्ये, खांदेरीवर तर काम थेट तोफांच्या छायेत झाले. मुंबईच्या दक्षिणेला, थळच्या समोर असलेल्या या बेटावर मायनाक भंडारी माणसे घेऊन उतरले आणि तटाचे काम सुरू झाले. इंग्रजांनी बेट सोडायला सांगितले. ते मानले नाही, तेव्हा त्यांनी जहाजांची नाकेबंदी केली. पुढे सिद्दीही आला. पण मराठ्यांच्या लहान, उथळ पाण्यात चालणाऱ्या होड्या रात्रीच्या अंधारात इंग्रजांना चुकवून सामान पोहोचवत राहिल्या. ऑक्टोबरात दौलतखानाने इंग्रजांवर हल्ला चढवला. त्यांचे ‘डव्ह’ नावाचे गलबत हाती लागले. अखेर १६८० च्या सुरुवातीस इंग्रजांनी माघार घेतली. इथे वल्हे मारणारा नावाडी आणि दगड रचणारा गवंडी हे दोघेही लढवय्येच होते.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत स्थान दिले. त्यात सिंधुदुर्ग आणि खांदेरी आहेत, पद्मदुर्ग नाही. तरीही सुट्टीत कोकणात गेलात तर समुद्र शांत असताना पद्मदुर्ग जरूर पाहावा. लाटांच्या माऱ्याने तिथले दगड झिजून आत गेले आहेत, पण त्यांना सांधणारा चुना अजून जागच्या जागी आहे, मधाच्या पोळ्यासारखा! तो चुना ज्यांनी मळला त्यांची नावे कुठे कोरलेली नाहीत. मुलांना तट दाखवताना मोरोपंतांची वरात आणि महाराजांचे ते पत्रही सांगावे, म्हणजे हा किल्ला कोणाच्या कष्टावर आणि कोणाच्या काळजीने उभा राहिला हे त्यांना कळेल.