चित्र थांबवण्याचा अधिकार

गणिताच्या शालेय व्हिडिओंचा इतिहास सहसा यंत्रांचा म्हणून सांगतात: आधी टीव्ही, मग प्रोजेक्टर, मग मोबाइल. ठाणे जिल्ह्याकडे पाहिले तर कळीचा प्रश्न निराळाच दिसतो. चित्र थांबवणे कोणाच्या हाती होते? १९८४ मध्ये पुण्यात शालेय कार्यक्रम बनवणारी बालचित्रवाणी ही संस्था सुरू झाली आणि तिचे कार्यक्रम दूरदर्शनवरून दिसू लागले. पण प्रक्षेपणाची वेळ ठरलेली, आणि ठाणे, कल्याण, डोंबिवलीत जागेअभावी कित्येक शाळा सकाळ-दुपार अशा दोन सत्रांत भरणाऱ्या. वर्गात अपूर्णांक चालू असताना पडद्यावर भूमिती आली, तर शिक्षकाने करायचे काय? इतर विषयांत हे एक वेळ खपून जाते. गणितात नाही. त्रिकोणाचे तीन कोपरे कापून एका रेषेवर मांडले की १८० अंश होतात, हे पडद्यावर सुरेख दिसते. पण ते जुळण्याआधी चित्र थांबवून ‘आता काय होईल?’ असे विचारले नाही, तर मुलांच्या पदरी नुसती गंमत पडते. बालचित्रवाणी २०१७ मध्ये बंद झाली.

खरा बदल महानगरात झाला नाही, शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्यावर झाला. तिथल्या जिल्हा परिषद शाळेत संदीप गुंड यांनी संगणक आणि प्रोजेक्टर वर्गात आणले, आणि ‘डिजिटल शाळा’ हा शब्द राज्यभर रुळायला या शाळेचा मोठा हातभार लागला. कौतुक झाले ते बहुधा पडद्याचे. माझ्या मते मोल होते ते चित्र शिक्षकाच्या ताब्यात आल्याचे.

यावर आक्षेप असा, की एक उत्तम शिक्षक दूरदर्शनवरून लाखो मुलांपर्यंत पोचतो, ते काय कमी? कमी नाहीच. कोविडमुळे शाळा बंद असताना, जुलै २०२० मध्ये, दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. ज्या घरी स्मार्टफोन नव्हता, त्या घरासाठी तोच आधार होता. पण तो आपत्काळातला उपाय होता, त्यावरून वर्गाची रीत ठरवू नये. मोबाइलवर व्हिडिओ उघडून देणाऱ्या पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडने तर ताबा थेट मुलाच्या बोटाखाली दिला. तिथे थांबवता येते, पण कुठे थांबायचे हे सांगणारे कोणी नसते. म्हणून ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांनी नवे पडदे घेताना शिक्षकांच्या गणित-प्रशिक्षणाचा खर्चही त्याच प्रस्तावात धरावा.