चिमणी, शिक्रा आणि बंद इमारत

घरात चिमणी शिरली की पहिली आरोळी कसली येते? "अरे, आधी पंखा बंद करा!" शंभर चौरस फुटांच्या खोलीत तेवढ्यानं निम्मं काम होतं. पण इमारतच प्रचंड असेल तर? आजच्या भागात याच प्रश्नाचा इतिहास बघू. तीन इमारती, तीन पक्षी, आणि तिन्ही वेळा माणसं वेगळी वागली.

पहिली इमारत लंडनची. १८५१ साली हाइड पार्कमध्ये जगभरातल्या वस्तूंचं प्रदर्शन भरलं. त्यासाठी जोसेफ पॅक्स्टननं काचेचा महाल उभारला, तोच क्रिस्टल पॅलेस. बागेतली उंच झाडं न तोडता काचेच्या आत घेतली होती. झाडं आत आली तशा चिमण्याही आल्या, आणि खालच्या किमती वस्तूंवर शिटू लागल्या. असा किस्सा सांगतात, की राणी व्हिक्टोरियानं ड्यूक ऑफ वेलिंग्टनला उपाय विचारला आणि तो एकाच शब्दात म्हणाला, "स्पॅरोहॉक!" म्हणजे चिमण्या मारणारे शिक्रे सोडा. हा वेलिंग्टन म्हणजे १८०३ मध्ये असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेला आर्थर वेलस्ली. सेनापतीच तो, त्याला उपायही लढाईतलाच सुचणार! किस्सा किती खरा, ते सोडा. दीडशे वर्षं तो हसत हसत सांगितला गेला, आणि चिमण्यांना बाहेर कसं काढावं हा प्रश्न त्यात कुणालाच पडत नाही.

दुसरी इमारत नेदरलँड्समधल्या लेउवार्डन शहरातली. नोव्हेंबर २००५. एका टीव्ही शोसाठी चाळीस लाखांहून जास्त डोमिनोंच्या ओळी जमिनीवर उभ्या होत्या. पहिला पाडला की सगळे पडत जाणार आणि जागतिक विक्रम होणार. कार्यक्रम १८ तारखेला. १४ तारखेला हॉलमध्ये एक चिमणी शिरली आणि तिनं सुमारे २३,००० डोमिनो पाडले. ओळींमध्ये मुद्दाम रिकाम्या जागा सोडल्या होत्या, म्हणून बाकीचे वाचले. जाळी आणि काठ्यांनी तिला पकडायचा प्रयत्न फसला. मग बाहेरून माणूस बोलावला आणि त्यानं एअर रायफलनं तिला मारलं.

सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्यांना ही घालमेल लगेच कळेल. रिलीजला चार दिवस, आठवड्यांची मेहनत पणाला, आणि मध्येच ही! पण डेडलाइनच्या घाईत एक गोष्ट निसटली: ही चिमणी आदल्याच वर्षी देशाच्या संकटग्रस्त पक्ष्यांच्या यादीत आली होती. देशभर संताप उसळला. मारणाऱ्याला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या (हेही चुकीचंच), आणि पुढे २०० युरो दंड झाला. आज ती चिमणी रॉटरडॅमच्या निसर्गइतिहास संग्रहालयात आहे, पेंढा भरून डोमिनोंच्या डब्यावर बसवलेली.

तिसरी इमारत वॉशिंग्टनची, लायब्ररी ऑफ काँग्रेस. जानेवारी २०११. मुख्य वाचनालयाच्या घुमटात एक कूपर्स हॉक अडकली, आपल्या शिक्र्याच्या जातकुळीतली एक तरुण मादी. घुमट जमिनीपासून सुमारे १६० फुटांवर, शिडी कुठं लावणार? इथं माणसांनी बंदूक काढली नाही. शिकारी पक्ष्यांचे जाणकार बोलावले. त्यांनी दोन जिवंत स्टार्लिंग (आपल्या साळुंकीचे भाऊबंद) पिंजऱ्यात ठेवले. त्यांची नावं फ्रिक आणि फ्रॅक! अशा सापळ्यात पिंजऱ्यावर बारीक फासे असतात. शिक्रा झडप घालतो, त्याचे पाय अडकतात, आतल्या पक्ष्यांना नखही लागत नाही. या सापळ्याला इंग्रजीतही 'बाल-छत्री' म्हणतात, कारण घोड्याच्या केसांचे फासे लावायची ही युक्ती मुळात भारतातली. साधारण आठवडाभरानं, २६ जानेवारीला ती पकडली गेली. उपासमारीनं अशक्त झाली होती, पण जिवंत होती.

आता गंमत बघा. १८५१ च्या किश्श्यात शिक्रा हे हत्यार होतं. २०११ मध्ये शिक्राच अडकला, आणि लोकांनी त्याला सोडवण्यासाठी आठवडा दिला. मधल्या काळात प्रश्नच बदलला. "याला घालवू कसा?" याऐवजी "याला बाहेरची वाट का दिसत नाही?" असं माणसं विचारू लागली.

त्याचं उत्तर सोपं आहे. घाबरलेला पक्षी वर आणि उजेडाकडे जातो. दार मात्र खाली असतं. काच त्याला दिसतच नाही, पलीकडचं आभाळ दिसतं, म्हणून तो तिथंच धडकत राहतो. आपण टॉवेल घेऊन मागे लागलो की तो आणखी वर जातो. म्हणजे वाट आपणच बंद करतो.

म्हणून तुमच्या घरात, ऑफिसात किंवा जिन्यात पक्षी शिरला तर: पंखे बंद. आतले दिवे बंद. बाकीच्या खिडक्यांचे पडदे ओढा, आणि बाहेरचा उजेड येईल अशी एकच खिडकी किंवा दार सताड उघडा, शक्यतो उंचावरचं. मग सगळ्यांनी बाहेर जा. व्हिडिओ काढायलाही थांबू नका. रात्र झाली असेल तर अंधारात त्याला शांत बसू द्या आणि पहाटे खिडकी उघडा. काचेवर आपटून पडला तर हलक्या हातानं भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवा. पाणी पाजू नका, आणि जवळच्या पक्षीमित्रांना किंवा वनविभागाला कळवा.

लेउवार्डनला चार दिवस हातात होते. वॉशिंग्टनला सात लागले. तुमच्या हॉलमध्ये बहुतेक वेळा एक चहा होईपर्यंतचा वेळ पुरतो. तेवढा द्या. भेटू पुढच्या भागात!